लोंब्यांचं तोरण

दसऱ्याला आमच्या फ्लॅटच्या दारावर भाताच्या लोंब्यांचं तोरण लागलं, प्लॅस्टिकचं. दुपारी जिन्याच्या खिडकीतून एक चिमणी आली, तोरणाला लोंबकळली आणि दाण्यांवर चोच मारू लागली.

"अहो, बघा तरी, किती हुबेहूब आहे! चिमणीसुद्धा फसली," बायको कौतुकाने म्हणाली. मला काही हसता आलं नाही.

गावी आई खऱ्या लोंब्या बांधायची. चिमण्या आठवडाभरात त्यांचा नुसता पेंढा करून टाकत. उंबऱ्यावरची टरफलं झाडताना आई समाधानाने पुटपुटायची, "जेवून गेल्या गं बाई."

आम्ही आमंत्रण तेवढं दारावर टांगलं. पान वाढलंच नाही.

चिमणी उडून गेली. मी नकळत उंबऱ्याकडे पाहिलं. तो लख्ख होता, झाडायला एक टरफलही नव्हतं.