अर्धी पाडलेली सीट

नव्या गाडीतल्या सीटच्या कापडाचा वास आला की मला सुरत आठवतं. नव्वदच्या दशकात वडील पांडेसऱ्यात कपडा रंगवायच्या कारखान्यात होते, आणि एका सकाळी कामावरच छातीत कळ येऊन गेले. त्यांना खानदेशात गावी न्यायला गाडी मिळेना, तेव्हा शेठनी आपली परदेशातून आणलेली जपानी गाडी दिली. छोटीच, पण मागे सामानासाठी लांब जागा असलेली. ड्रायव्हरने मागचं दार वर उचललं, मागची अर्धी सीट आडवी पाडली आणि वडील तिथे बरोबर मावले. उरलेली अर्धी दाखवत तो मला म्हणाला, "बेन, तमे अहीं बेसो." आई पुढे बसली. मी सतरा वर्षांची, त्यांच्या खांद्याला लागून. रडू येत नव्हतं. दारावर काचेचं बटण होतं. दाबलं की काच खाली जायची, पुन्हा दाबलं की वर यायची. सुरतेबाहेर कडोदऱ्यापर्यंत मी तेच करत राहिले. मग आई वळून म्हणाली, "काच बंद कर वं माय, त्यास्ना तोंडवर धूळ उडी राह्यनी." मी काच लावली आणि ओढणीने त्यांचं कपाळ पुसलं. ते फार गार लागलं. "एसी कमी करा," मी ड्रायव्हरला म्हणाले, "त्यांना थंडी वाजतेय." त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि एसी कमी केला. आई तेव्हा पहिल्यांदा हुंदके देऊन रडली. आज मी वडिलांच्या वयाची झाले, पण माझं त्या दिवशीचं रडणं अजून राहूनच गेलं आहे.