पत्रकातली चौथी ओळ

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. माईक हातात आला की मी कोणाच्या बापाला भीत नाही, हे गोंदियात सगळ्यांना माहीत आहे. मग एवढं एकच का बोलता येत नाही?

प्रवीण आमच्या संघटनेतला. कुडव्याचा. खचला होता, झोप नव्हती. एका खासगी डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्या. सुरुवातीला कधीकधी तगमग वाढते, घरच्यांनी लक्ष ठेवावं, तसं झालं तर लगेच कळवावं — हे कोणालाच सांगितलं नाही. महिन्याच्या आत प्रवीणनं आत्महत्या केली.

त्याच्या आईला, शांतामावशीला, ग्राहक आयोगात मीच नेलं. वकीलबाई मीच शोधल्या. लोकांत वाटायचं पत्रक मीच लिहिलं. गोळ्या वाईट, असं त्यात कुठंही नाही. कित्येकांना त्या तारतात. आमचा सवाल सरळ आहे — सांगितलं का नाही? आणि चौथी ओळ : ‘आपला त्रास त्यानं कोणाजवळही बोलून दाखवला नाही.’

ही ओळ लिहायला मला कोणी सांगितलं होतं?

कारण तो बोलला होता. माझ्याजवळ. धानाच्या बोनसच्या मोर्चासाठी आम्ही दोघं पत्रकांच्या घड्या घालत होतो. तो उठायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. म्हणाला, “मले बसवतच नाही वं. गोळी सुरू झाली तवापासून आंगात काहीतरी धावूनच राहिलं. भेव लागते.”

मी — मान वर केली नाही. “धावते तं कचारगडच्या जत्रेले पायी जाऊन ये ना. कामाच्या वेळेसच काऊन सुचते तुले?”

तो हसला. बसला. त्याच्या घड्या वाकड्या येत होत्या. त्यावरूनही मी बोलले. त्याच आठवड्यात तो गेला.

वकीलबाईंनी विचारलं होतं, “गोळीनंतर त्रास वाढला, असं तो कोणाला म्हणाला होता का? एक तरी साक्षीदार पाहिजे.” मावशीनं माझ्याकडं बोट केलं. “इले सांगतलं असतं जी त्यानं. इच्यापासून काही लपवत नव्हता.” मी मान हलवली — नाही.

मागच्या तारखेला डॉक्टरांच्या वकिलानं आमचंच पत्रक पुढं केलं. चौथ्या ओळीखाली लाल रेघ. त्रास झाल्याचं कोणालाच ठाऊक नाही, असं हेच लोक लिहितात — मग गोळीचा संबंध कुठून आला?

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, “तुह्या पत्रकानंच पाडलं का वं आपल्याले?”

तेव्हा तरी खरं बोलले? नाही. मी म्हणाले, छापखानावाल्यानं चुकीचं छापलं.

साक्ष दिली तर केस उभी राहते — आणि त्याच खोलीत, पुढच्या खुर्चीवर, मावशी ते ऐकणार. गप्प राहिले तर केस पडते. दोन्हीकडं मीच उभी आहे.

काल मावशी एकटीच छापखान्यात गेली. त्या माणसाला भर बाजारात शिव्या देऊन आली. त्यानं उलट उत्तर दिलं नाही म्हणे. पोटचं पोर गेलेल्या बाईला काय बोलायचं, म्हणून ऐकून घेतलं.

ओळ मी लिहिली. त्रास होतो हे प्रवीणनं मला सांगितलं होतं.