पसंत-नापसंतीचं यंत्र

नांदेडला मी एका क्लासात कॉम्प्युटर शिकवत होतो. स्वतः जेमतेम शिकलेलो, पण तोरा असा की गोदावरीसुद्धा मला विचारूनच आटली असावी. घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली आणि मी मुली पारखायचा प्रोग्रॅम लिहिला. शिक्षणाला गुण, नोकरीला गुण, नांदेडपासूनच्या अंतराला गुण. दुष्काळ होता म्हणून सासरवाडीच्या पाण्यालाही ठेवले, आणि भरपूर ठेवले.

मग लातूरची एक मुलगी पाहून आलो. लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालेलं आणि तिथल्या नव्या कचेरीत ती नोकरीला होती. कप पुढे करत तिने सांगून टाकलं, "टँकर आला न्हाई, चहा अर्धाच हाय." मला ती तिथेच आवडली. परत येऊन तिची माहिती भरली, तर पडद्यावर 'नापसंत'. मी यंत्रावर खवळलो. पाण्याला ठेवलेले गुण कापले, पुन्हा चालवलं. 'पसंत'. काय हुशार यंत्र आहे, असं मी अगदी मनापासून म्हणालो.

वडिलांना हे कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, "बौद्ध झालो तवा तुझ्या आज्यानं पंचांग घराबाहेर काढलं. तू ते वायरीतनं परत आनून राहिलास व्हय?" त्यावर मी त्यांना विज्ञान समजावलं. लाज कशी वाटली नाही, कोण जाणे.

दुसऱ्या भेटीत आम्हा दोघांना बोलायला अंगणात बसवलं. मी तिलाही ऐकवलं, की यंत्राने तुम्हाला पसंत केलंय.

ती हसली नाही. "अन् तुमाला घातलं व्हतं का त्यात?"

मला ते सुचलंच नव्हतं.

"मग मीच विचारते. घर सोताचं?"

"भाड्याचं."

"सैपाक येतो?"

"नाही."

"नळ न्हाई आला तर घागर कोण आनतं?"

"आई."

ती पदर सावरून उठायला लागली. ही आता हातची गेली, असं मला वाटलं. यंत्र, गुण सगळं विसरून मी विचारलं, "तुम्हाला मी पसंत आहे का?"

"हे आता विचारून राहिलात. सांगते विचार करून."

त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. मग तिच्या भावाकडून निरोप आला, होकार आहे.

माझं यंत्र निदान कशाला किती गुण दिले ते तरी सांगायचं. तिने होकार का दिला, हे इतक्या वर्षांत तिने सांगितलेलं नाही. मीही विचारत नाही. न जाणो, पुन्हा मोजायला बसली तर?