पाच मिनिटं मोटार लावू नका

सिडकोत आमच्या शेजारी एक काका राहायचे. अख्ख्या गल्लीत कॉम्प्युटर फक्त त्यांच्याच घरी, तोही टीव्हीला जोडलेला. व्होल्टेज जरा उतरलं की तो टाइप केलेलं सगळं विसरायचा, म्हणून काका बोलता बोलता सारखे पंख्याकडे बघत. पंखा मंदावला की त्यांचा आवाजही मंदावायचा.

दुष्काळाचं साल होतं. नळ क्वचित यायचा आणि लगेच जायचा. एकदा आम्ही पोरांनी पुस्तकात बघून दुपारभर टाइप केलेला गेम काका टेपरेकॉर्डरच्या कॅसेटमध्ये भरून घेत होते, आणि नळ आला. आता घरोघरी नळाला मोटारी लागणार, व्होल्टेज पडणार. काका बनियनवरच दारोदार धावले.

"वहिनी, पाच मिनिटं मोटार लावू नका हो."

"का? तुमचं डबडं लई तहानलंय व्हय?" समोरच्या वहिनी म्हणाल्या, पण थांबल्या. त्यांचं बघून गल्लीही थांबली.

गेम कॅसेटमध्ये उतरला. काकांनी दारातून हात हलवला, मोटारी घरघरल्या आणि तेवढ्यात नळ गेला.

काकांनी घरातला एकुलता एक भरलेला ड्रम ओढत बाहेर आणला आणि घरोघरी कळशी कळशी पाणी वाटलं. ड्रम रिकामा झाल्यावर मात्र आत काकूंसमोर जायचं त्यांना धैर्य होईना.