टेलरमास्तरांचं राजेपण

टेलरमास्तरांनी सोळा वर्षं एकाच शोकांतिकेत राजाच्या सेवकाचं काम केलं. राज्य जातं, राणी जाते, दरबारी काढता पाय घेतात. सेवक तेवढा राहतो आणि शेवटी राजाचं डोकं मांडीवर घेऊन बसतो. वाक्यं मोजून नऊ, त्यातली सहा 'जशी आज्ञा'. राजा मात्र मास्तरांचा मेहुणा.

"काय मरतो हो आमचा भाऊ," प्रत्येक प्रयोगानंतर बायको म्हणायची, "अंगावर काटा येतो."

"आणि मी?"

"तुम्ही काय, बसलेलेच असता."

नाटकमंडळींचे कपडे मास्तरच शिवायचे. यंदा राजाला नवा झगा शिवायचा ठरला आणि मास्तरांनी टेप गुपचूप स्वतःच्याच छातीभोवती गुंडाळली. तालमीत धिप्पाड मेहुण्याने हात उंचावला नि झगा काखेत टर्रकन फाटला.

नाटक बसवायच्या त्या शाळेतल्या एक निवृत्त बाई. त्यांनी तो झगा मास्तरांच्या अंगाला लावून पाहिला. खांद्याला खांदा बरोबर.

"माप कुणाचं घेतलंत, मास्तर?"

मास्तरांचे कान लाल झाले. मग सोळा वर्षांचं साचलेलं बाहेर पडलं. "त्या सेवकात आहे काय, बाई? दुसरीकडे कुणी ठेवून घेत नाही म्हणून टिकलेला माणूस. त्याला निष्ठा म्हणायचं?"

"तसं नाही, दाजी," मेहुणा म्हणाला. "तिसऱ्या अंकात शत्रू त्याला बोलावतो की. त्याला जाता येतं. तो जात नाही, एवढंच."

"एवढंच ना? मग कर तू."

"करा अदलाबदल," बाई म्हणाल्या. "प्रयोग शनिवारी आहे."

आठवडाभर बायकोने 'महाराज, चहा घ्या' म्हणून चिडवून घेतलं. शनिवारी मास्तरांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत खणखणला, टाळ्याही पडल्या. मग ते मेहुण्याच्या मांडीवर झोकात मेले. अंधारात कुणीतरी हुंदका दिला. मास्तर सुखावले. पण हुंदके थांबेनात, तेव्हा राहवेना म्हणून त्यांनी एक डोळा किलकिला केला. पहिल्या रांगेत बायको नाकाला रुमाल लावून रडत होती, आणि बघत होती भावाकडे. तो तर काहीच करत नव्हता. मेलेल्या राजाच्या कपाळावरचे केस बोटांनी बाजूला सारत होता, बस्स.

"काय करतोयस काय तू?" मास्तर ओठ न हलवता फिसकारले.

"गप पडा, दाजी. मेलायत तुम्ही."