व्हर्नाची कचरापेटी

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर, आमच्या गल टिकल गावात, व्हर्नाच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. बत्तीस वर्षं ती खेकड्यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी होती. फोरमन गार्लंडसुद्धा तिच्याशी जपून बोलायचा. पण नियम म्हणजे नियम, म्हणून पाळी सुटली की दारात उभा राहून तो तिचाही फोन तपासायचाच.

नियम काय, तर कारखान्यात फोटो काढायचे नाहीत. का, तर स्वच्छतेसाठी म्हणे! फोटोनं खेकड्याला कसला रोग होतो ते देवालाच ठाऊक. गार्लंड एकेकीचे फोटो वरखाली सरकवायचा आणि आतला एखादा दिसला की म्हणायचा, "हा पूस बघू." बायका त्याच्यादेखत पुसायच्या आणि घरी जायच्या.

खरी गोम छताजवळच्या पंख्यांत होती. खेकडे उकडताना निघणारी वाफ बाहेर ओढायला तिथं एकाच बटणावर चालणारे चार मोठे पंखे आहेत. ती वाफ वर्षानुवर्षं छातीत गेली की दमा जडतो; आमच्या गावात एका घराआड कुणीतरी तसं खोकत असतं. कारखान्यात खडखडाट इतका, की पंखे चालू आहेत का बंद ते ऐकू येत नाही. म्हणून बायकांनी एका पंख्याच्या जाळीला लाल रिबीन बांधून ठेवली होती. बाहेरचे साहेब पाहणीला आले की ती फडफडायची. एरवी नुसती लोंबत असायची.

व्हर्नाची पट्ट्यावरची जोडीदारीण डॅफ्नी मे महिन्यात त्या वाफेतच कोसळली. डॉक्टर म्हणाला, पुन्हा आत गेलीस तर माझ्याकडे येऊ नकोस. तिनं भरपाईचा अर्ज केला. कंपनीनं खुशाल लिहून दिलं, की या हंगामात पंखे एक दिवसही बंद नव्हते. अर्ज फेटाळला गेला. आता गुरुवारी फेरसुनावणी होती. तिथंही नकार आला तर डॅफ्नीला परत त्याच पट्ट्यावर उभं राहणं भाग होतं, कारण घरात कमावणारी ती एकटी.

चोराच्या उलट्या बोंबा! व्हर्नाचं डोकं फिरलं. तिनं सलग सहा दिवस त्या लोंबणाऱ्या रिबिनीचे व्हिडिओ घेतले, भिंतीवरचं घड्याळही त्यात येईल असे. दारात जायच्या आधी ती ते पुसायची. पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही, तीस दिवस फोनच्या कचरापेटीत पडून राहतं, हे तिला माहीत होतं. गार्लंडला माहीत नव्हतं. फोन रोज तपासला जायचा, म्हणून तिनं ते तिथंच राहू दिले. एकोणतिसाव्या दिवशी बाहेर काढायचे आणि परत पुसायचे, म्हणजे पुढच्या तीस दिवसांची सोय. कुणाला पाठवायची सोय नव्हती; अर्ध्या तासात गार्लंडच्या कानावर गेलं असतं.

सोमवारी संध्याकाळी ती घरी आली तर नवरा हेडली चुलीपाशी मटाराचं सूप ढवळत, गालातल्या गालात हसत होता.

"बघ बघ, तुझा फोन बघ," तो म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीत घरी विसरून गेली होतीस ना? जागा संपली, जागा संपली म्हणून रडत होतीस. मी ग्रंथालयातल्या वर्गात शिकलो ते सगळं केलं. अकरा जीबी मोकळे!"

"काय काढलंस?"

"तुझं काहीच नाही गं. नुसता कचरा. एक पेटी असते, त्यात पुसलेलं सगळं साठतं. ती रिकामी केली."

व्हर्नानं फोन उचलून पेटी उघडली, ती रिकामी होती.

"परत आण."

"आता येत नाही. कायमचं जातं, असंच सांगितलं वर्गात."

"अरे मेल्या! चाळीस वर्षं घरातला कचरा उचल म्हणून कानीकपाळी ओरडतेय, तेव्हा हात हलला नाही तुझा! आणि आजच तुला स्वच्छतेचा पुळका यावा? डॅफ्नीचा जीव होता रे त्या कचऱ्यात!"

हेडलीच्या हातातला डाव तसाच राहिला. सगळं कळल्यावर त्याचा चेहरा एवढासा झाला. पण बोलणी खाऊन तोही चिडला.

"मला काय स्वप्न पडलं होतं? माणसं कचऱ्यात ऐवज ठेवतात हे वर्गात नाही शिकवलं! उलट म्हणाले, कुणी कधी पेटी साफच करत नाही, ज्याची उघडावी त्याची भरलेली."

व्हर्ना शिव्या द्यायची थांबली.

"कुणीच साफ करत नाही?"

"नाही म्हणाले."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीत तिनं बायकांना गाठलं. "तुमचे पुसलेले फोटो दाखवा."

"माझ्याकडे नाहीत गं," मर्टल लगबगीनं म्हणाली. "गार्लंडसमोर पुसलेत मी."

"पुसलेस तेच दाखव."

"आणि उद्या मला कामावरून काढलं म्हणजे?"

"मग डॅफ्नीच्या जागी तू उभी रहा, खोक, आणि मी पण म्हणेन, मला काय त्याचं!"

मर्टलनं चहाचा कप बाजूला सारला. मग तिनं पेटी उघडली. हातभर लांबीचा खेकडा धरून चौघी हसताहेत आणि त्यांच्या डोक्यांमागे रिबीन लोंबतेय. खाली तारीख, वेळ. दुसरीच्या फोनात वाढदिवसाचा फोटो, मागे तीच रिबीन. सुट्टी संपेपर्यंत नऊ फोन झाले, तेवीस वेगवेगळ्या दिवसांचे फोटो मिळाले. एकातही ती फडफडत नव्हती.

गुरुवारी कंपनीचा वकील ते फोटो बघून तुच्छतेनं हसला. "इतका महत्त्वाचा पुरावा, बाई, आणि तुम्ही सगळ्यांनी कचऱ्यात ठेवलात?"

"ठेवायला दुसरी जागा ठेवलीत का तुम्ही आम्हाला?" व्हर्ना कडाडली. "हा गार्लंड समोर बसलाय. विचारा त्याला, कुणी टाकायला लावले ते!"

सुनावणी घेणाऱ्या बाईंनी वकिलाला हातानंच थांबवलं आणि पुढचा फोन मागितला.

निकाल यायला तीन आठवडे लागले, आणि तो डॅफ्नीच्या बाजूनं लागला. पंखे मात्र सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी, सुरू झाले होते. व्हर्ना आत शिरली तर वाफ सरळ वर ओढली जात होती, पलीकडची भिंत दिसत होती. वीजवाला शिडी घेऊन चालला होता. त्याला तिनं अडवलं.

"रातोरात दुरुस्त केलेस होय रे चारही?"

"दुरुस्त?" तो म्हणाला. "बिघडले कधी होते? विजेचा खर्च वाचावा म्हणून बंद ठेवायचे. आज गार्लंडनं बटण दाबलं."