पित्ताची घोंगडी

आमच्या घरात कुणाच्या अंगावर लाल चट्टे उठले की पित्त, असं निदान मी करायची. जालन्याला ऑफिसात लागलेली, चार बुकं शिकलेली मी; माझ्या शब्दापुढे कुणी जात नसे. इलाजही ठरलेला: आमसुलाचं पाणी प्यायचं आणि अंगाला घोंगडी घट्ट गुंडाळायची.

त्या रविवारी मी माहेरी केदारखेड्याला होते. मोठा भाऊ मोसंबीच्या बागेतून मानेला चुना लावून आला. मधमाशी चावली होती. बघता बघता छातीवर, पाठीवर चट्टे. मी पेटीतून घोंगडी काढली.

"घशात कायतरी दाटून राह्यलं," तो म्हणाला. आवाज बसला होता. मी म्हटलं, "पाणी पी, उतरंल." मग त्याला उलटी झाली आणि मला चक्क बरं वाटलं, पित्त पडलं, आता उतार पडणार. सुजलेले ओठ मी पाहिले होते. पाहून सोडून दिले, याचा मला अजून संताप येतो.

तो धापा टाकू लागला तेव्हा आम्ही त्याला उभं केलं आणि मोटारसायकलवर मध्ये बसवलं. गावातल्या आरोग्य उपकेंद्राच्या दारावरून पुढे गेलो. भोकरदनच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्यानं मान टाकली होती.

डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेतलं. माशी चावल्यावर चट्टे, त्यात आवाज बसणं, उलटी, धाप, म्हणजे जिवावरची ॲलर्जी. आडवं झोपवायचं, दम लागला तर टेकवून बसवायचं, उभं करायचं नाही. आणि लगेच मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. "तुमच्या उपकेंद्रात नर्सबाईंकडं होतं ते," ते म्हणाले.

गावात सगळे अटॅक म्हणाले. मी तोंड उघडलं नाही. वहिनी माझ्याच गळ्यात पडून रडत होती.

गेल्या महिन्यात भाचीच्या अंगावर चट्टे उठले. वहिनीचा फोन आला तेव्हा पोरगी तीच घोंगडी गुंडाळून बसली होती. "आवाज बराबर हाये का तिचा? आधी नर्सबाईकडं ने," मी म्हणाले.

"पित्तच तर हाये, ताई. तुम्हीच गुंडाळल्ती न्हाई का ह्यांना? आराम पडल्ता, मंग अटॅकनं घात केला."

पोरीचे चट्टे संध्याकाळी उतरले. मी अजून गप्प आहे, आणि घोंगडी धुऊन पुन्हा पेटीत गेली आहे.